लाइन जाते, सर्व्हर ओरडतो: विंडोजच्या नोंदी गाळून आपोआप इलाज लावण्याची रीत

कापसाच्या ऐन सीझनात, रात्री नऊच्या सुमारास दारव्ह्याजवळच्या एका जिनिंगमधून मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, काटा काहून अडकला? गाड्यायची लाइन रोडापर्यंत गेली ना!" काटा म्हणजे धरमकाटा, गाडीसकट कापूस मोजणारा. काटा चांगला होता. त्याचं वजन सिरीयल पोर्टवरून वाचून बिलाच्या सॉफ्टवेअरला देणारी छोटी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, बंद पडली होती. मोटरसायकलवर जाऊन ती सर्व्हिस चालू करायला मला अर्धं मिनिट लागलं, जायला-यायला दीड तास.

नंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या नोंदी दाखवणारं साधन, उघडून पाहिलं. लाइन, म्हणजे वीज, दोनदा लपकली होती आणि त्यानंतर चारच मिनिटांनी सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर'ने ७०३४ क्रमांकाची नोंद केली होती: अमुक सर्व्हिस अनपेक्षितपणे बंद पडली. म्हणजे कॉम्प्युटरला सगळं ठाऊक होतं. पण ती नोंद त्याच दिवसाच्या शेकडो लाल-पिवळ्या ओळींखाली दबली होती.

त्या रात्रीनंतर मी माझ्याकडच्या सगळ्या ठिकाणी एक रीत बसवली. जिनिंग, एक पतसंस्था, एका ज्युनिअर कॉलेजची लॅब आणि दोन सेवा केंद्रं एवढा माझा पसारा. रीत विंडोजमध्ये असलेल्याच साधनांवर चालते, पैसे लागत नाहीत. लागतो तो धीर, कारण पहिले पंधरा दिवस काहीच करायचं नसतं.

पहिले पंधरा दिवस: नुसती वही

एक वही घ्या. रोज एकदा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज'खालचा 'सिस्टम' लॉग (नोंदींची यादी) उघडा आणि लाल व पिवळ्या नोंदींचा क्रमांक, त्यांचा स्रोत (नोंद कुणी टाकली) आणि त्या किती वेळा आल्या ते लिहा. दुसऱ्या रकान्यात त्या दिवशी लाइन कितीदा गेली ते लिहा. हा दुसरा रकाना शहरातल्या मार्गदर्शकांत सापडायचा नाही आणि आपल्याकडे तोच सगळ्यात कामाचा.

कारण असं. 'कर्नल-पॉवर' या स्रोताची ४१ क्रमांकाची नोंद 'क्रिटिकल' दर्जाची असते. मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच तिचा अर्थ. डिझेल जनरेटर असलेल्या डेटा सेंटरमध्ये ती दिसली तर माणसं धावतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, भारनियमनाच्या दिवसांत आणि यूपीएसची बॅटरी उन्हाने फुगलेली असताना, ती शाळेतल्या हजेरीसारखी रोज लागते. तिच्यावर मोबाइलला निरोप लावलात तर आठवड्याभरात तुम्ही तो नंबर म्यूट कराल. मी केला होता.

'डिस्ट्रिब्युटेडकॉम' या स्रोताच्या १००१६ चंही तसंच. ती नोंद सतत येते आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. तरी दरवर्षी कुणीतरी नवशिका ती दुरुस्त करायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, शिरतो आणि चालतं मशीन बिघडवतो.

पंधरा दिवसांनी वहीतल्या प्रत्येक क्रमांकापुढे एकच प्रश्न लिहा: ही नोंद रात्री दोन वाजता आली तर मी उठून काय करीन? उत्तर 'अमुक सर्व्हिस चालू करीन' असं ठरलेलं असेल तर ते काम मशीनला देता येतं. 'जाऊन बघावं लागेल' असं असेल तर नुसता निरोप. 'कूस बदलून झोपीन' असं असेल तर ती नोंद फिल्टरच्या, म्हणजे गाळणीच्या, बाहेर. फिल्टर इलाजावरून ठरतो. नोंद किती लाल आहे ते बघून ठरवलेला फिल्टर फसतो.

फिल्टर बांधणे

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डावीकडे 'कस्टम व्ह्यूज'वर राइट क्लिक करून 'क्रिएट कस्टम व्ह्यू' घ्या. समोर येणाऱ्या खिडकीत दर्जाचे चौकोन दिसतील: क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, इन्फर्मेशन, व्हर्बोज. बहुतेक जण पहिल्या दोनांवर खूण करून मोकळे होतात. तिथेच चूक होते. कुणी सिक्युरिटी लॉग पुसून टाकला तर पडणारी ११०२ ही नोंद 'इन्फर्मेशन' दर्जाची आहे, निळ्या वर्तुळातली, साळसूद. दर्जाचे चौकोन मोकळे सोडा आणि स्रोत व क्रमांक ही जोडी धरा.

जोडीच धरायची, कारण क्रमांक एकट्याने ओळख पटत नाही. 'डिस्क' या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्ड डिस्कवर खराब ब्लॉक. पण ७ हाच क्रमांक इतर स्रोतही आपापल्या अर्थाने वापरतात. एकाच गावात चार गजानन असतात, आडनाव विचारल्याशिवाय पत्र टाकू नये.

क्रमांकाच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन अनेक क्रमांक, मध्ये आडवी रेघ देऊन पट्टा आणि आधी वजा चिन्ह लावून वगळायचे क्रमांक लिहिता येतात.

इथवर माउसने होतं. पण ७०३४ कुठल्याही सर्व्हिसची असू शकते आणि आपल्याला फक्त काट्याची हवी. त्यासाठी त्याच खिडकीतला 'एक्सएमएल' (अट मजकुरात लिहायची पद्धत) टॅब उघडून 'एडिट क्वेरी मॅन्युअली'वर खूण करा. एकदा हाताने बदल केला की परत चौकोनांच्या टॅबवर येऊन तो फिल्टर बदलता येत नाही, म्हणून माउसने होणारं सगळं आधी उरकून घ्या.

प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात. 'सिस्टम' भागात स्रोत, क्रमांक, दर्जा, वेळ असतं. 'इव्हेंटडेटा' भागात त्या घटनेचा तपशील असतो. ७०३४ मध्ये 'पॅरम१' या नावाखाली सर्व्हिसचं नाव असतं आणि 'पॅरम२' खाली ती कितव्यांदा पडली तो आकडा. म्हणून अट अशी बांधायची: स्रोत सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर, क्रमांक ७०३४, आणि इव्हेंटडेटातलं पॅरम१ बरोबर त्या सर्व्हिसच्या नावाइतकं. 'बरोबर' हा शब्द शब्दशः घ्या. या फिल्टरची भाषा म्हणजे एक्सपाथ या एक्सएमएलमध्ये शोधायच्या भाषेची कापलेली आवृत्ती आहे. 'नावात अमुक अक्षरं असतील तर' असं तिच्यात विचारता येत नाही. एक जागा (स्पेस) जास्त पडली की फिल्टर मुका. नाव आठवणीतून टाइप करू नका. खऱ्या नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमधला एक्सएमएल उघडा आणि तिथून कॉपी करा.

वेळेची अट मिलिसेकंदांत द्यावी लागते. एक तास म्हणजे ३६०००००, एक दिवस म्हणजे ८६४०००००. एक्सएमएलमध्ये वेळ जागतिक प्रमाणाने लिहिलेली असते, यादीत मात्र आपल्या घड्याळाने दिसते. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक बघून मी एकदा अख्खी दुपार 'घड्याळ चुकतंय' म्हणून घालवली.

आता परत ४१ कडे, कारण तिला सरसकट फेकून द्यायचं नाही. तिच्या इव्हेंटडेटामध्ये 'बगचेककोड' नावाचा आकडा असतो. निळा पडदा येऊन मशीन कोसळलं असेल तर बहुधा तिथे शून्याखेरीज काही असतं. नुसती लाइन गेली असेल तर शून्य. पॉवर बटण दाबून धरून कुणी बंद केलं असेल तर 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' हा आकडा शून्य नसतो. कॉलेजच्या लॅबमध्ये पोरं हेच करतात. म्हणून माझा फिल्टर ४१ मधल्या फक्त बगचेककोड शून्य नसलेल्या नोंदी घेतो. रोजची हजेरी गळून जाते आणि रॅम किंवा ड्रायव्हर खरंच बिघडला तर मला कळतं.

टास्क लावण्याआधी रिकव्हरी टॅब

नोंद पडली की ठरलेलं काम आपोआप करणारा टास्क पुढे लावायचाच आहे, पण सर्व्हिस पडली की परत उचलायला विंडोजमध्ये वेगळी सोय आहे. 'सर्व्हिसेस' उघडा, त्या सर्व्हिसच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिकव्हरी' टॅब घ्या. पहिल्यांदा पडली, दुसऱ्यांदा पडली, त्यानंतर पडली, असे तीन रकाने दिसतील. पहिल्या दोनांत 'रिस्टार्ट द सर्व्हिस' निवडा आणि तिसरा मोकळा ठेवा. तिसऱ्यांदा पडणारी सर्व्हिस नुसती उचलून भागत नाही. तिथे माणूसच बघायला हवा.

यात एक खाच आहे. रिकव्हरी लावली की सर्व्हिस पडल्यावर ७०३४ ऐवजी ७०३१ ही नोंद पडते, कारण आता विंडोज पुढे काय करणार तेही त्या नोंदीत लिहिते. म्हणजे काल बांधलेला तुमचा ७०३४ चा फिल्टर आज गप्प बसतो आणि तुम्हाला वाटतं सगळं आलबेल. फिल्टरमध्ये दोन्ही क्रमांक ठेवा.

दुसरी गोष्ट मला महिन्याभराने उमगली. काट्याची सर्व्हिस कधी कधी पडत नसे, गोठत असे. प्रोसेस जिवंत, पण वजन पुढे सरकत नाही. अशा वेळी कुठेच नोंद पडत नाही आणि न पडलेल्या नोंदीला फिल्टर लावता येत नाही. त्यासाठी दर पाच मिनिटांनी चालणारी वेगळी स्क्रिप्ट, म्हणजे आपण लिहिलेला छोटा प्रोग्राम, लागते. सर्व्हिस वजन ज्या फाइलमध्ये लिहिते, ती फाइल शेवटची कधी बदलली ते ती बघते. काट्याच्या कामाच्या वेळात दहा मिनिटं बदलली नसेल तर स्क्रिप्ट स्वतःच्या नावाने ॲप्लिकेशन लॉगमध्ये नोंद टाकते. तिथून पुढचा रस्ता बाकीच्या नोंदींसारखाच.

इलाज जोडणे

टास्क शेड्यूलर या विंडोजच्याच साधनात 'क्रिएट टास्क' घ्या, 'बेसिक टास्क' घेऊ नका. ट्रिगरमध्ये (टास्क कधी धावायचा ते) 'ऑन ॲन इव्हेंट', त्यात 'कस्टम', आणि आपण बांधलेला एक्सएमएल तिथे चिकटवा. ॲक्शनमध्ये पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-भाषेतली स्क्रिप्ट. 'सेंड ॲन ई-मेल' हा पर्याय यादीत दिसला तरी विंडोज ८ पासून तो मोडीत काढलेला आहे, त्याच्या नादी लागू नका.

मग 'कंडिशन्स' टॅब. तिथे 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' वर आधीपासूनच खूण असते. ही खूण काढा. सेवा केंद्रातल्या लॅपटॉपवर लाइन गेल्यागेल्या तुमचे सगळे टास्क संपावर जातात, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. यूएसबी केबलने जोडलेल्या यूपीएसला विंडोज बॅटरी समजतं, म्हणून डेस्कटॉपवरही हा फटका बसतो. मी तीन आठवडे स्क्रिप्टमध्ये चूक शोधत होतो.

'जनरल' टॅबमध्ये 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा. 'सेटिंग्ज'मध्ये टास्क आधीच चालू असेल तर दुसरा सुरू करू नये हा पर्याय ठेवा. ट्रिगरमध्ये 'डिले टास्क' दोन मिनिटांचा द्या. आपल्याकडे लाइन एकदा जाऊन थांबत नाही, जाते-येते-जाते. पहिल्या झटक्याला धावलेला इलाज दुसऱ्या झटक्यात अर्धवट राहतो.

४१ सारखी नोंद मशीन सुरू होत असताना, इतर बरंच काही जागं व्हायच्या आधी पडते. तिच्यावर थेट ट्रिगर लावण्यापेक्षा 'ॲट स्टार्टअप' ट्रिगर लावून पाच मिनिटांनी मागे वळून लॉग तपासणारी स्क्रिप्ट मला जास्त भरवशाची वाटते.

कोणती सर्व्हिस पडली हे स्क्रिप्टला कळवायचं असेल तर टास्क एक्स्पोर्ट करून त्याच्या एक्सएमएलमध्ये इव्हेंट ट्रिगरच्या आत 'व्हॅल्यूक्वेरीज' हा भाग घालावा लागतो. त्यात पॅरम१ ला एक नाव द्यायचं, तेच नाव डॉलर चिन्ह आणि कंसात घालून ॲक्शनच्या आर्ग्युमेंटमध्ये लिहायचं, आणि टास्क परत इम्पोर्ट करायचा. हे माउसने होत नाही. पण एकदा जमलं की दहा सर्व्हिसेससाठी दहा टास्क करावे लागत नाहीत.

ब्रेक

पतसंस्थेत मी केलेला घोळ सांगतो. तिथे डेटाबेसची सर्व्हिस अधूनमधून थांबायची. मी ७०३६ या नोंदीवर टास्क लावला. सर्व्हिस 'थांबली' किंवा 'चालू झाली' असं सांगणारी ही नोंद. स्क्रिप्ट सर्व्हिसला रिस्टार्ट करायची. रिस्टार्ट म्हणजे आधी थांबवणं, आणि थांबवलं की नवी ७०३६, की परत टास्क. सकाळी साडेदहाला कॅशियर बाई लॉगिन करत होत्या आणि डेटाबेस दर दोन मिनिटांनी त्यांच्या हातातून सुटत होता. ठेवीदारांची रांग, मॅनेजरसाहेबांचं तोंड आणि मी, असं ते दृश्य होतं.

तेव्हापासून प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळी ब्रेकच्या असतात. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये स्क्रिप्ट आपण केव्हा चाललो ते लिहिते. गेल्या तासाभरात तीन वेळा चाललेली असेल तर काहीही न करता निरोप पाठवून थांबते. दुसरा नियम: स्क्रिप्टच्या कामातून जी नोंद जन्मते, तिच्यावरच त्या स्क्रिप्टचा ट्रिगर नको. म्हणून मी ७०३६ सोडून ७०३१ आणि ७०३४ वर आलो. नीट थांबवलेल्या सर्व्हिसच्या त्या नोंदी पडत नाहीत.

काही कामं मशीनच्या हाती द्यायचीच नाहीत. डिस्कच्या ७, ५१ किंवा १५३ या नोंदी आल्या तर चेकडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम आपोआप चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्ककडून मजुरी करून घेतल्यासारखं ते होईल. स्क्रिप्टने महत्त्वाच्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढावी आणि कळवावं, इतकंच. अख्खं मशीन रिस्टार्ट करणं, फाइली पुसणं, कुणाचं खातं बंद करणं हीही माणसाचीच कामं.

चुकीच्या लॉगिनच्या ४६२५ नोंदींवर एकेकट्या इलाज लावला तर सोमवारी सकाळी पासवर्ड विसरलेला क्लार्कच सापडतो. स्क्रिप्टने दहा मिनिटांतल्या मोजाव्यात, एकाच आयपी पत्त्यावरून दहाच्या वर असतील तर तो पत्ता फायरवॉलमध्ये अडवावा आणि स्वतःचे पत्ते आधीच सवलतीच्या यादीत टाकावेत. रिमोट डेस्कटॉपवरचे, म्हणजे दुरून मशीन चालवायच्या सोयीवरचे, हल्ले शोधायला सगळे लॉगऑन टाइप (लॉगिनचा प्रकार) १० शोधतात. पण नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (जोडणीआधीच ओळख तपासणं) चालू असेल तर ते फसलेले प्रयत्न टाइप ३ म्हणून दिसतात. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने 'सपोर्टसाठी' रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता, तेव्हा मला हे कळलं. खरा इलाज तो पोर्ट बंद करणं हाच होता आणि तो मी हाताने केला.

निरोप पोचला पाहिजे

मी टेलिग्रामचा बॉट वापरतो, पॉवरशेलमधून एका ओळीत निरोप जातो. पण लाइन गेली की टॉवरही थोड्या वेळाने झोपतो. म्हणून स्क्रिप्टने निरोप आधी फोल्डरमध्ये फाइल करून ठेवावा, आणि दुसऱ्या टास्कने दर पाच मिनिटांनी तो पाठवायचा प्रयत्न करून, गेल्यावरच फाइल पुसावी.

एक निरोप मात्र कधीच येत नव्हता. जिनिंगचं मशीन जुनं, मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीमॉस सेल मेलेला. लांबलचक लाइन गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जायची. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र खोटं ठरतं, निरोप अडतो आणि वेळेच्या अटीवरचे सगळे फिल्टरही गंडतात. सीआर२०३२ चा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. दरवर्षी सीझनआधी मी तो बदलतोच.

चाचणी

प्रिंट स्पूलरवर सराव करा. तिच्यासाठी तात्पुरता फिल्टर आणि टास्क बनवा, मग टास्क मॅनेजरमध्ये तिची प्रोसेस 'एंड टास्क' करा. स्पूलरला रिकव्हरी आधीच लावलेली असते, म्हणून ७०३१ पडेल आणि तुमचा टास्क धावेल. 'सर्व्हिसेस'मधून 'स्टॉप' करून चाचणी होत नाही, ते नीट थांबवणं झालं. 'इव्हेंटक्रिएट' या कमांडने खोटी नोंदही टाकता येते, पण तिच्यात क्रमांक १ ते १००० एवढेच चालतात, म्हणून ७०३४ ची नक्कल तिच्याने होणार नाही.

मग खरी परीक्षा. यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा आणि बॅटरीवर असतानाच सगळं परत करून बघा. सीझन सुरू व्हायच्या आधी, दुपारी, मुनीमजींना सांगून.

गाळलेलं फेकू नका

फिल्टर हा इलाजासाठी असतो, मूळ नोंदी तशाच राहिल्या पाहिजेत. सिस्टम लॉगची आधीपासूनची मर्यादा साधारण २० एमबी असते आणि भरला की जुनं पुसलं जातं. लॉगच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ती वाढवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांना लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. पतसंस्थेच्या मॅनेजरांना हे कागदावर दाखवलं तेव्हाच नव्या हार्ड डिस्कचं बिल पास झालं.

मशीन बरीच असतील तर विंडोजच्या 'सबस्क्रिप्शन्स'मधून सगळ्यांच्या नोंदी एका जागी आणता येतात. त्यात 'मिनिमाइझ बँडविड्थ' निवडलं तर नोंदी सहा सहा तास मागे राहू शकतात. साठवणीला ते चालेल, इलाजाला नाही. डोमेन (एका सर्व्हरखाली बांधलेली मशीन) नसलेल्या, नुसत्या वर्कग्रुपच्या (सुटी मशीन) ऑफिसात प्रमाणपत्रांची भानगडही करावी लागते. पाच-सात मशीन असतील तर मी या वाटेला जात नाही, प्रत्येक मशीनला तिचा स्वतःचा टास्क बरा. राउटर आणि लिनक्सच्या नोंदी सिसलॉग या नोंदी पाठवायच्या पद्धतीने, सहसा यूडीपी पोर्ट ५१४ वर येतात. तिथे दर्जा ० ते ७ असा असतो आणि ० सगळ्यात गंभीर. नवखा माणूस इथे सहज उलटं वाचतो.

सगळं जमलं की प्रत्येक टास्क एक्स्पोर्ट करून त्याची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा आणि वहीतल्या शेवटच्या पानावर लिहा: कुठला टास्क, कुठल्या नोंदीवर, काय करतो, बंद कसा करायचा. जिनिंगचं ते पान मी फोटोकॉपी करून मुनीमजींच्या गल्ल्यात ठेवलंय. परवा त्यांनी फोन करून विचारलं, "भाऊ, त्या कागदावर तीन नंबरचं जे हाय, ते आज दोनदा धावलं. तुले याचं काम हाय का?" नव्हतं. तिसऱ्यांदा धावलं असतं तर होतं.